टोकियोतल्या शिंजुकु ग्योएन बागेत कधी जावं, एप्रिल की नोव्हेंबर?

सगळे साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या बहरासाठी, मार्चअखेर-एप्रिलच सांगतील, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथे चेरीच्या बऱ्याच जाती आहेत आणि लवकर-उशिरा फुलतात म्हणून बहर एप्रिलअखेरपर्यंत पुरतो. पण मला विचाराल तर १ ते १५ नोव्हेंबर! तेव्हा शेवंतीचं प्रदर्शन असतं. आपण शेवंती हाराला नाहीतर वेणीला बघितलेली, इथे एकाच रोपाला शेकडो फुलं, घुमटासारखी ओळीने बसवलेली, जवळ जाऊन खाली वाकून बघा, सगळ्याचा बुंधा एकच, मी तर दोनदा खात्री करून घेतली. हे एक रोप तयार करायला जवळपास वर्ष जातं हो, माळ्यांना खरंच नमस्कार.

तिकीट मोठ्यांना ५०० येन, सकाळी ९ ला उघडतं, एरवी सोमवारी बंद असतं पण या प्रदर्शनात रोज चालू. डबा चालतो, दारू अजिबात नाही. साकुराच्या शनिवार-रविवारी जाणार असाल तर आधी बुकिंग लागतंय का तेवढं साइटवर बघून घ्या. आई-बाबा सोबत असतील तर सेंदागाया गेटने शिरा, जपानी बाग तिथून जवळ पडते.