‘घरात काहीतरी आहे’ असं सगळेच म्हणतात तेव्हा

‘मॅडम, रीसेलचा फ्लॅट घेतला आणि हे मागे लागलं. विकून टाकू का?’ नवी मुंबईत समुपदेशन करताना हा प्रश्न मला अधूनमधून येतो. आधीच्या मालकाचं काय झालं ते इथे जिन्यातच कळतं, आणि मग घरातल्या पहिल्याच आजारपणाला कारण आयतं मिळतं. घणसोलीच्या एका कुटुंबाबद्दल सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

माणसं मूळची पाटणकडची. वडिलांचं आयुष्य माथाडी म्हणून मार्केटमध्ये गेलं. कोपरखैरण्याची खोली विकून, वर कर्ज काढून मुलाने हा फ्लॅट घेतला आणि वर्षाच्या आत वडील हार्ट अ‍ॅटॅकने गेले. आधीचे मालकही याच घरात वारले होते, ही बातमी शेजारणीने तेराव्याला पुरवली. त्यानंतर मुलाच्या छातीवर झोपेत कोणीतरी बसू लागलं. सुनेला बाथरूममध्ये मागून ढकलल्यासारखं व्हायचं, कडेने सावली जायची. सासूबाईंना दिवेलागणीला तंबाखूचा वास यायचा. एका भगताने बंदोबस्ताचा खर्चही सांगून ठेवला होता, आणि तो थोडा नव्हता.

भूत असतं की नसतं, यावर मी वाद घालत नाही. वाद घातला की माणसं पुरावे जमवायला लागतात. मी त्यांना एक वही घालायला सांगितली: कोणाला, कुठे, किती वाजता, आणि त्याआधी काय चाललं होतं.

मुलाच्या सगळ्या नोंदी नाइट शिफ्टनंतरच्या निघाल्या, बहुतेक उताणं झोपलेला असतानाच्या. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. हलता येत नाही, ओरडता येत नाही, छाती दडपते, खोलीत कोणीतरी आहे असं ठाम वाटतं. काही सेकंदांत, फार तर दोन-तीन मिनिटांत ते ओसरतं. झोपेचं वेळापत्रक विस्कटलेल्यांना हे जास्त होतं.

सुनेच्या नोंदी फक्त बाथरूमच्या, त्याही अंघोळीच्या वेळच्या. आत गॅस गीझर, आणि कबुतरांच्या त्रासाने खिडकी अ‍ॅक्रिलिकने बंद केलेली! गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, भोवळ येते, भलतंच दिसू-ऐकू येऊ शकतं, आणि माणूस दगावतोही. १९२१ साली एका अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने अशाच एका ‘झपाटलेल्या’ घराची हकीकत छापली होती. तिथे बिघडलेल्या भट्टीचा धूर घरात पसरत होता. मी सुनेला म्हटलं, ‘गीझर आजच बंद करा, डॉक्टरांना दाखवा, बाकीचं नंतर बोलू.’ गीझर बाहेर गेला, खिडकी उघडली, आणि तिची सावली परत आली नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांनी वहीत काहीच लिहवून घेतलं नव्हतं. एकट्या बसल्यावर म्हणाल्या, ‘ताई, मला भ्या नाही वाटत. तो वास यांचाच आहे. पण भगतानं सगळं काढलं तर हे पण जातील की.’ पूर्ण घर ज्याला घाबरत होतं, ते हरवायची त्यांना भीती होती.

जोडीदार गेल्यावर त्याची चाहूल लागणं, आवाज येणं हे वेड नव्हे. वेल्समधल्या रीस नावाच्या डॉक्टरांनी १९७१ साली २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखती छापल्या. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना असे अनुभव आले होते, आणि बऱ्याच जणांनी ते कोणाला सांगितलेही नव्हते.

मुलाचं दुखणं वेगळंच होतं. त्या रात्री वडिलांच्या छातीत जळजळत होतं. अ‍ॅसिडिटी समजून सगळे सकाळपर्यंत थांबले. ‘घराने नेलं’ म्हटलं की ‘आपण का थांबलो’ हे कोणी कोणाला विचारत नाही. आमच्या बहुतेक बैठका यावरच झाल्या. माझ्या मते भुताचं खरं काम तिथे चाललं होतं.

सुनेने विचारलं, ‘वास्तुशांत केली तर चालेल?’ करा की. मनाला बरं वाटतं. भगताला मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

घरातल्या एकालाच सतत आवाज येत असतील, ते हुकूम सोडत असतील, शेजाऱ्यांवर संशय वाढत असेल, जेवण-झोप सुटली असेल, तर वहीत वेळ घालवू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

मुलाच्या छातीवर अजून कधीतरी ‘बसतं’. आता तो पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करत पडून राहतो. फ्लॅट विकायचं त्यांच्या मनातून गेलेलं नाही. हप्ता झेपत नाही, हे शेवटच्या भेटीत तो आईसमोर पहिल्यांदा बोलला.