गेल्या साली ५४८, औंदा ४९१

जून उजाडला की सांगलीत आमच्या विश्रामबागच्या समुपदेशन सेंटरला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "मॅडम, एक वर्ष ड्रॉप घेतला, क्लासला एवढे पैसे घातले आणि मार्क वाढायचे सोडून कमी झाले, पोरीनं अभ्यासच केला नाही ना?" २०२५ च्या नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या, निकालानंतर तर हे इतक्यांदा ऐकलं की म्हटलं एकदा लिहूनच टाकू. नाव-गाव, ओळखीच्या खुणा सगळं बदललंय आणि बऱ्याच बैठकांचं इथे थोडक्यात सांगतेय.

तासगाव भागातलं द्राक्षबागायतदार घर. फोन आईने केला होता, पोरगी धड जेवत नाही, रात्र रात्र जागी असते आणि बापलेकीचं बोलणं बंद. मी अशा वेळी एकट्या पोराला बोलवत नाही, सगळ्यांना बोलवते, कारण पोराच्या अंगावर दिसतं ते दुखणं बहुतेक वेळा सगळ्या घराचं असतं असं माझं मत आहे (आमच्यातले काही जण यावर नाक मुरडतात, मुरडू देत).

वडील खुर्चीत बसायच्या आधीच सुरू. "गेल्या साली ५४८ होते, औंदा ४९१. वर्षभर सांगलीत होस्टेलला ठेवली, मोबाईल काढून घेतला. माझा पुतण्या बघा, गावात राहून एमबीबीएसला लागला की. आणि मी तर ९४ साली, कसला क्लास न् काय." असं म्हणत त्यांनी पिशवीतून फाईल काढली आणि आपली बारावीची मार्कशीट माझ्या टेबलावर ठेवली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, तिन्ही आकड्यांना पेनाने गोल केलेला. थोडक्यात मेडिकल हुकलं होतं त्यांचं. मी पोरीला काय झालं विचारलं होतं आणि मला बापाची मार्कशीट दाखवली गेली, तिथेच मला अर्धं प्रकरण कळलं.

पोरगी, तिला आपण प्राजू म्हणू, ती नखं कुरतडत बसलेली.

सुरवातीला बराच वेळ आरोप आणि रडणं यातच गेला. मग एकदा मी मोठा कागद पसरला, तीन रकाने केले आणि म्हटलं कुणी कुणाला काही बोलायचं नाही, फक्त ज्याची त्याची परीक्षा कशी होती तेवढं सांगायचं. वडिलांना एकदम खुलल्यासारखं झालं. "आमच्या वेळेला बोर्डाच्याच मार्कावर लिस्ट लागायची, वेगळी परीक्षाच नव्हती. अकरावी म्हणजे आरामच, सायकल घेऊन हिंडायचं नुसतं." प्राजू पहिल्यांदा थोडं हसली. तिला अकरावी पण तेवढीच घासावी लागली होती, नीटला दोन्ही वर्षांचा पोर्शन असतो.

पुतण्याचा रकाना २०१६ चा. नीट पहिल्यांदा ५ मे २०१३ ला झाली, जुलैत सुप्रीम कोर्टाने ती रद्द ठरवली, मग पुन्हा राज्यांच्या परीक्षा आणि वर देशपातळीवरची जुनी एआयपीएमटी. एप्रिल २०१६ मध्ये कोर्टाने स्वतःचाच निकाल मागे घेतला आणि याच वर्षीपासून नीट घ्या म्हटलं. महाराष्ट्राची स्वतःची प्रवेश परीक्षा, सीईटी, तर ५ मेला ठरलेली. सगळीकडे गोंधळ, पालकांची नुसती पळापळ, शेवटी २४ मेला केंद्राचा अध्यादेश निघाला आणि त्या एका वर्षापुरत्या राज्याच्या सरकारी सीटा सीईटीवरच भरल्या. त्या सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नव्हतं आणि पोर्शन आपल्या बोर्डाच्या बारावीचा. पुतण्या हुशार आहेच, पण बसला त्या शेवटच्या गाडीत. २०१७ पासून आपल्याकडे नीटशिवाय दुसरा रस्ताच राहिला नाही.

प्राजूचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. २०२४ चा पेपर २०० प्रश्नांचा, त्यातले १८० सोडवायचे, वेळ २०० मिनिटं. २०२५ ला तो चॉइस गेला, १८० च्या १८० सोडवा आणि वेळ पण १८० मिनिटंच. बरोबरला ४, चुकला की एक कट. त्यात २०२४ चा जून कसा गेला ते तिने सांगितलं ते वडिलांनाही नवीन होतं. निकाल ४ जूनला, मग ६७ जणांना ७२० पैकी ७२०, पेपरफुटीच्या बातम्या, १५६३ जणांच्या ग्रेस मार्कांची भानगड, आणि रीनीट, म्हणजे परीक्षा परत, होणार की नाही याचा फैसला कोर्टात अडकलेला. २३ जुलैला कोर्टाने सगळ्यांची परीक्षा परत नाही म्हणून सांगितलं. तोपर्यंत पोरगी पुस्तक उघडून बसायची आणि वाचायची मात्र बातम्या. "परत होईल म्हणून अभ्यास करू, का झाली नाही म्हणून ड्रॉपचं बघू, तेच कळत नव्हतं."

आणि मग आई, जी तोपर्यंत पदर चाचपत गप्प बसलेली, तिने विचारलं, "मार्काचं राहू दे गं. नंबर कितवा आला?"

खरं सांगते, मी याचीच वाट बघत होते. मला ते पहिल्या दिवसापासून सांगता आलं असतं, पण बाहेरच्या माणसाने सांगितलेलं घरात टिकत नाही, घरातल्याच कुणाच्या तरी तोंडून निघावं लागतं आणि तेवढा वेळ थांबायची कला मला आता जमते. प्राजूने दोन्ही स्कोअरकार्ड काढली. मार्क ५७ नी कमी, आणि ऑल इंडिया रँक जवळजवळ निम्म्यावर आलेली! म्हणजे मुलगी हजारो पोरांच्या पुढे गेली होती आणि घरात तिला वर्ष वाया घालवलं म्हणून ऐकून घ्यावं लागत होतं.

वडिलांनी दोन्ही कागद दोनदा उलटेपालटे करून बघितले. मी त्यांना एवढंच सांगितलं की २०२४ ला सुधारित निकालानंतरसुद्धा १७ जणांना पैकीच्या पैकी होते, २०२५ ला पेपर इतका अवघड गेला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ आहेत. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे गेल्या साली आवकच लई हुती. पेटी तीच, पण भाव पडल्याला." असा एक बाजार पडलेला हंगाम त्यांनी स्वतः भोगलेला, त्या साली त्यांना कुणी बाग नीट राखली नाही म्हटलं नव्हतं.

त्यावर प्राजू रडली. म्हणाली, "पप्पा, मला तुमच्या मार्कशीटची भीती वाटते." ती फाईल दर निकालाला कपाटातून बाहेर यायची. यानंतर आमचं काम खूप सोपं झालं.

प्राजूने राज्याच्या प्रवेश राउंडला एमबीबीएससोबत बीएएमएसचाही (आयुर्वेदाचा) फॉर्म भरला, कॉलेजांचा क्रम वडिलांसोबत बसून लावला, आणि बीएएमएस मिळालं, तिकडे गेली. ती रमलीय. वडिलांना अजून थोडं जड जातं, पण ते त्यांचं ९४ सालचं दुखणं, त्यावर ते वेगळे येऊन बोलतात.

आता ज्यांच्या घरात सध्या हेच चाललंय त्यांच्यासाठी. दोन वेगळ्या वर्षांच्या मार्कांची वजाबाकी करूच नका, रँक बघा आणि त्याच वर्षीचा कटऑफ बघा, मागच्या वर्षीचा कटऑफ व्हॉट्सॲपवर कुणी पाठवला तर फक्त थँक्यू म्हणा. काका-मामा-पुतण्या यांचं उदाहरण द्यायच्या आधी त्यांनी कुठली परीक्षा दिली होती ते विचारा, आपल्याकडे २०२० पर्यंत तर ७०-३० चा विभागवार कोटा (७० टक्के सीटा त्या त्या विभागातल्या पोरांना) पण होता, त्यामुळे सात-आठ वर्षांपूर्वीचं गणित आज लागूच होत नाही. "पेपर फुटतात मग अभ्यास कशाला" असं पोर म्हणालं तर त्याला लेक्चर देऊ नका, तो राग खराच आहे, तो ऐकून घ्या आणि मग आजचं जेवण, आजची झोप एवढंच बघा. जेवण-झोप बिघडून पंधरा दिवस झाले, किंवा जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी तोंडून निघालं तर नाटक म्हणून सोडू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीअपरात्रीही चालतो, फुकट आहे.

आणि आणखी एका ड्रॉपचं निकालाच्या संध्याकाळी ठरवू नका. शेवटचा राउंड होऊ दे, हातात काय आलंय ते कळू दे, आणि मग पोराला पाहुणेरावळे नसताना विचारा की तुला अजून एक वर्ष द्यायचंय का. उत्तर यायला चार दिवस लागले तरी चालतील.