डायना-सोर हे अंतराळविमान कधी उडालंच नाही, मग त्याच्या विंड टनेल मॉडेलचा उपयोग काय?

उपयोग मोठा आहे: एक्स-२० डायना-सोर हवेत कसं वागलं असतं, हे विंड टनेलमध्ये, म्हणजे वेगाने हवा सोडणाऱ्या चाचणी-बोगद्यात, ठेवलेल्या अशा मॉडेलांवरूनच कळलं. अमेरिकेने १० डिसेंबर १९६३ ला प्रकल्प रद्द केला, तेव्हा ते बांधणाऱ्या बोईंगकडे एकही विमान पूर्ण तयार नव्हतं. मॉडेल मागून पोलादी दांड्यावर बसवतात; त्याच्या पोटातले स्ट्रेन गेज (ताण मोजणारी छोटी उपकरणं) उचल, अवरोध आणि नाक वर-खाली होण्याचा कल मोजतात. बोथट नाक, सपाट पोट, त्रिकोणी पंख हा आकार आवाजाच्या कित्येक पट वेगात स्थिर राहतो का, ते असंच तपासलं गेलं. माझ्या मते हेच या प्रकल्पाचं खरं देणं. मात्र अवकाशातून परतीच्या प्रवासातला वेग, विरळ हवा आणि उष्णता हे सगळं एकाच टनेलमध्ये एकदम साधत नाही. त्यासाठी १९६३ ते १९६५ मध्ये ॲसेट ही छोटी यानं रॉकेटवरून सोडावी लागली.