समुपदेशन की मानसोपचार? आमचे अकरा महिने कुठे गेले

कराडच्या ताई, तुमचा भाऊ रात्री वीस-वीस वेळा उठून गॅसचा रेग्युलेटर बघतो, आणि ‘ओळखीच्या समुपदेशक आहेत, त्यांच्याकडे नेऊ की मानसोपचार घेऊ, दोन्ही एकच ना?’ असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात कालवलं. आमच्या घरात रेग्युलेटरच्या जागी हात धुणं होतं, एवढाच फरक.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सांगलीत बँकेत नोकरी करतो. निदान त्यातल्या माणसाकडूनच करून घ्या.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं. ओसरल्यावर सगळी गल्लीच महिनाभर घासत-पुसत होती, त्यामुळे बायकोचं धुणं थांबत नाहीये हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळीपर्यंत साबणाची वडी दोन दिवसांत संपायला लागली आणि बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. आई म्हणायची, सोवळ्याची आहे, चांगलंच आहे की. नको तो विचार पुन्हापुन्हा येतो आणि त्यापायी तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागते, आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात. तेव्हा आम्हाला दोन्ही सुचलं नाही.

कुणीतरी समुपदेशन केंद्र सुचवलं. नाव देत नाही. बाई अतिशय प्रेमळ होत्या, त्यात खोट नाही. दर आठवड्याला तासभर ऐकून घ्यायच्या आणि समजावायच्या, ‘पाणी स्वच्छ आहे, काही होणार नाही, सकारात्मक विचार करा.’ रात्री घाबरली तर फोन करायचीही मुभा होती. फोन झाला की हिला तासभर बरं वाटायचं आणि पुन्हा तोच प्रश्न. असे अकरा महिने गेले. शेवटी शेवटी दिवसाला सहा-सात फोन होत होते.

पुढे मिरजेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी कारण सांगितलं तेव्हा मी सुन्न झालो. या आजारात ‘काही होणार नाही’ हा दिलासाच आजाराला खतपाणी घालतो. हात धुतल्यावर जशी घटकाभर सुटका मिळते, तशीच दिलाशाने मिळते, आणि मेंदू पुढच्या वेळी तीच मागतो. म्हणजे आम्ही पैसे मोजून आजार वाढवत होतो. त्या बाईंवर माझा राग एवढ्याचसाठी आहे की, ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, पुढे दाखवा’ हे वाक्य अकरा महिन्यांत एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नाही. आणि मीही कधी विचारलं नाही की बाई, तुमचं शिक्षण काय, पद्धत कोणती, फरक पडतोय हे कशावरून ओळखायचं. ही चूक माझी.

नंतर जे झालं ते मानसोपचार. गोळ्या सुरू झाल्या, त्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. सोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे (मानसिक आजारांवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ) ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. इंग्लंडमध्ये १९६६ मध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी याची सुरुवात केली. आमच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ उरली होती. पहिल्या आठवड्यात तिने त्या रेघेला बोट लावायचं आणि दहा मिनिटं हात धुवायचा नाही. ती पाटावर बसून बोट अंगापासून लांब धरून थरथरत होती. ‘काही होणार नाही ना?’ असं तिने चार वेळा विचारलं आणि मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, ‘याचं उत्तर मी देणार नाही, पण इथेच बसतो.’ संसारात एवढं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही. दहाची वीस मिनिटं झाली, मग तास. आज ती भांडी घासून एकदाच हात धुते.

समुपदेशन वाईट, असं कृपया वाचू नका. माझी भाची बारावीत नापास झाली तेव्हा चार-पाच बैठकांत सावरली. समोर ठाकलेली अडचण, निर्णय, घरातला ताण यासाठी ते उत्तमच. मुरलेल्या आजाराला मात्र त्या आजारासाठी तयार झालेली पद्धत लागते. पाटीवरच्या शब्दावर जाऊ नका. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञासारखा मोठा माणूसही समुपदेशन आणि मानसोपचार हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरायचा. थेट विचारा, ‘ओसीडीसाठी ईआरपी करता का?’ क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. राग आला तर दुसरीकडे जा.

जाता जाता, १४४१६ ही टेलि-मानसची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कुठे जायचं हे विचारायला तिथून सुरुवात करू शकता. आणि हे सगळं वाचून आज रात्रीच भावाला उत्तर देणं एकदम बंद करू नका. त्याला विश्वासात न घेता केलं तर तो तुटेल. ते शिकवणाऱ्याच्या देखरेखीतच करा.

तोवर एक साधी वही करा: तो किती वाजता उठला, किती वेळा बघितलं, किती मिनिटं गेली, तुम्हाला काय विचारलं. आठवडाभराची पानं पहिल्या भेटीला घेऊन जा. आमच्याकडे अशी वही नव्हती, म्हणून ‘दिवसातून किती वेळा?’ या डॉक्टरांच्या पहिल्याच प्रश्नाला आम्ही नवरा-बायको दोघं दोन वेगळी उत्तरं देऊन बसलो.