उन्हाळ्यात तलावाकाठच्या साध्या लाकडी घरात एसीशिवाय खरंच गार वाटतं का? (सोबत सहा वर्षांचा मुलगा आहे)

वाटतं. पण तुम्ही लिहिलंय की मित्राने ॲपवर बघून सांगितलं, "तिथे आणि शहरात दोनच अंशांचा फरक आहे, एवढ्यासाठी कशाला जाता? जायचंच तर एसीवाला पक्का बंगला घ्या." हेच मी अकरा वर्षं माझ्या सख्ख्या भावाकडून ऐकते आहे, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या मित्राने दुपारचा आकडा बघितला. पहाटे तीनचा बघायला हवा होता.

आमचं तलावाकाठी एक खोपट आहे. बाबांनी स्वतः बांधलेलं. फळ्यांच्या भिंती, उतरतं छप्पर, पुढे पडवी, पाण्याच्या बाजूला दोन खिडक्या, मागे एक, आणि आढ्याखाली हातभर रुंदीचा झरोका. बाबा गेल्यावर ते दादाच्या आणि माझ्या नावावर आलं. दादाला ते पाडून स्लॅबचं घर बांधायचं होतं, मला नको होतं.

अकरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आई आजारीच पडायची बाकी होती. शेवटच्या मजल्यावरचं घर, वर उघडी गच्ची. दिवसभर तापलेल्या स्लॅबमधून ऊन खाली झिरपायला काही तास लागतात, त्यामुळे बाहेर सूर्य मावळला की आमच्या खोलीत उकाडा सुरू व्हायचा. एसीचं वारं तिच्या सांध्यांना सोसत नसे. रात्रभर उठून बसायची, तोंडावर पाणी मारायची, पुन्हा आडवी व्हायची. तिच्या पलंगाशी मी थर्मामीटर टांगला होता. तीन रात्री ओळीने, पहाटे तीन वाजता, ३३ अंश.

शेवटी तिला घेऊन खोपटावर गेलो. दादा-वहिनीही आले. पोचलो दुपारी तीनला आणि दार उघडलं तर आत भट्टी. महिनाभर बंद असलेलं घर, दुसरं काय होणार? पडवीतल्या सावलीत ३७ अंश, शहरात त्या वेळी ३९. दादा तिथेच म्हणाला, "दोन अंशांसाठी आईला चार तास गाडीत बसवलंस." आईच्या देखत म्हणाला. ते मी विसरलेले नाही.

वहिनीने खिडक्यांवर ओल्या चादरी टांगल्या. हेतू चांगला होता, पण हवा कोरडी असेल तरच त्याचा उपयोग होतो. काठावरच्या दमट हवेत ओल्या चादरीने वारा अडतो आणि आत घुसमट होते. मी त्या काढल्या. पाण्याकडच्या दोन्ही खिडक्या आणि वरचा झरोका सताड उघडला. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिच्या जागी पाण्यावरची हवा येते. कारण पाणी तापायला फार वेळ लावतं: एक किलो पाणी एका अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, तेवढ्याच कोरड्या मातीला साधारण त्याच्या पाचव्या हिश्शाएवढे. ती हवा खिडकीतून आली, आतली तापलेली झरोक्यातून गेली. पाच वाजेपर्यंत आई पडवीत बसून बोलायला लागली होती.

दिवस मावळल्यावर मी मागची खिडकी उघडली. रात्री वारा उलटा वाहतो, जमिनीकडून पाण्याकडे. आमच्या मागे झाडीचा चढ आहे, त्यावरून गार हवा हळूहळू खाली उतरते. बाबांनी खोपट अगदी पाण्याला चिकटून न बांधता चढावर पन्नासेक पावलं मागे का बांधलं, ते मला त्या रात्री कळलं. तलावाचं पाणी रात्रीही फारसं निवत नाही, त्यामुळे अगदी काठावर पहाटे तेवढा गारवा मिळत नाही.

पहाटे तीनला उठून आईच्या उशाशी टॉर्च धरला. तोच थर्मामीटर. २४ अंश. आई पांघरूण घेऊन झोपली होती. मी तारीख, वेळ, आकडा वहीत लिहिला आणि बारा दिवस लिहीत राहिले. सर्वात वाईट रात्र २६ ची होती. दुपारचा फरक दोन-तीन अंशांचा, रात्रीचा सात ते नऊ. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि तापलेली खोली ते उतरू देत नाही. आईला कशाने बरं वाटलं, हे मी दादाला आजही याच शब्दांत सांगते.

हे माझ्या एकटीचं म्हणणं नाही. ढगांना आज वापरात असलेली नावं देणारा ल्यूक हॉवर्ड एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचं आणि शहराबाहेरचं तापमान वर्षानुवर्षं नोंदवत होता. रात्री शहर सरासरी २ अंश सेल्सिअसने जास्त उबदार निघालं, दिवसा मात्र किंचित थंडच. तेव्हा ना डांबरी रस्ते होते, ना एसीची गरम हवा बाहेर फेकणारी यंत्रं. शहराचा उकाडा रात्रीचा असतो आणि माणूस त्यानेच खंगतो.

म्हणून पक्क्या बंगल्याचा सल्ला मला चुकीचा वाटतो. फळीची भिंत दुपारी तापते हे खरं, पण तिच्यात उष्णता साठत नाही, अंधार पडल्यावर तासाभरात ती निवते. काँक्रीट साठवतं आणि रात्रभर परत करतं. दादाच्या नकाशाप्रमाणे बांधलं असतं तर आम्ही शहरातला स्लॅब तलावाकाठी नेऊन ठेवला असता, आणि तो सोसवत नाही म्हणून पुन्हा एसी लावला असता. जाड भिंतींची जुनी घरंही गार असतात, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे, पण त्या भिंती सावलीत आणि वर उंच छप्पर असेल तर. पातळ स्लॅबचं घर त्यात बसत नाही.

घर बघताना मालकाला विचारा: खिडक्या समोरासमोर आहेत का, पश्चिमेला झाड आहे का, छपराखालून हवा जायला वाट आहे का. काचेच्या बंद तावदानांतून तलाव सुंदर दिसतो, पण घर तापतं. तलाव मोठा हवा. डबक्याएवढ्या पाण्यावरून वारा सुटत नाही. आणि जायचं तर उन्हाळ्याच्या पहिल्या अर्ध्यात. पाणी उशिरा तापतं तसं उशिराच निवतं, शेवटी शेवटी तेही कोमट झालेलं असतं.

मुलाबद्दल विचारलंय ते राहिलंच. वरचं पाणी कोमट लागलं तरी खोल तलावात खाली थंड थर असतो. तापलेल्या अंगाने एकदम उडी मारली आणि पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर नकळत जोराने श्वास आत ओढला जातो आणि पाणी नाकातोंडात जाऊ शकतं. त्याला काठाने चालत उतरू द्या, लाइफ जॅकेट घाला आणि तुमच्या हाताच्या अंतरात ठेवा. पाण्यावर हिरवा तवंग दिसला तर त्या दिवशी पाणी नाहीच. मच्छरदाणी न्या, कारण खिडक्या रात्रभर उघड्या राहणार आहेत.

तुमचा भाग मुळातच फार दमट असेल तर माझ्याएवढा फरक पडणार नाही, हेही सांगायला हवं. आणि उन्हाने अंगाचं तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत चढून कोणी असंबद्ध बोलू लागलं तर अंग ओलं करून वारा घालत थेट दवाखाना गाठा. तो आधी कुठे आहे ते बघून ठेवा. आम्ही बघितलं नव्हतं, ती माझी चूक होती.

वही अजून खोपटात खिळ्याला अडकवलेली आहे, थर्मामीटरसकट. पुढच्या आठवड्यात दादा एकटाच आठ दिवस जातो आहे. निघण्याआधी मी त्याला एवढंच सांगितलंय, की दुपारचा आकडा लिहिलास तर पहाटे तीनचाही लिही.