वीरगळातला गळ आणि गधेगाळातली गाळ

एका वाचकाने विचारलं आहे: गावाच्या वेशीवर उभ्या असलेल्या दोन जुन्या दगडांपुढे नवे फलक लागले. एकावर 'वीरगळ' आहे, दुसऱ्यावर 'गधेगळ'. दोन्हींतला गळ एकच का? त्याचा गळ्याशी किंवा मासे धरायच्या गळाशी काही संबंध आहे का? आणि वीरगळ 'तो' की 'ती'?

गळ्याशी नाही आणि मासेमारीशीही नाही. वीरगळातला गळ कन्नडातून आला आहे. जुन्या कन्नडात 'कल्' आणि आजच्या कन्नडात 'कल्लु' म्हणजे दगड. त्या भाषेत समास झाला की दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीच्या 'क'चा 'ग' होतो. 'मळे' म्हणजे पाऊस, त्याला 'काल' जोडला की 'मळेगाल', म्हणजे पावसाळा. तसंच वीर आणि कल्लु मिळून वीरगल्लु, म्हणजे वीराचा दगड. मराठीत येताना 'ल'चा 'ळ' झाला, जसा फलचं फळ आणि कमलचं कमळ होताना झाला. कर्नाटकात आजही मैलाच्या दगडाला 'मैलिगल्लु' म्हणतात, म्हणजे हा गल्लु तिकडच्या रस्त्यांवर अजून नांदता आहे.

हा शब्द आपल्याकडे आला याचं नवल वाटायला नको. चालुक्य आणि राष्ट्रकूटांच्या राज्यात आजचा दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक एकच मुलूख होता. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे जुने कन्नड शिलालेख कितीतरी आहेत. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड उभा करायची रीत सगळ्या दक्षिणेत होती. तमिळमध्ये अशा दगडाला 'नडुकल्' म्हणतात, म्हणजे रोवलेला दगड.

पुढच्या वेळी वेशीवर गेलात तर वीरगळ खालून वर वाचा. बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. त्याच्या वर लढाई. तिथे गाईगुरं कोरलेली असतील तर गावची गुरं सोडवताना तो पडला असं समजावं. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला दिसतो. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य, म्हणजे कीर्ती आचंद्रार्क टिको. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतं कोरली आहेत. कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या आरमारी झुंजीशी अनेक अभ्यासक ती जोडतात. महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराने समुद्रात बुडणं पत्करलं, असं यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहून ठेवलं आहे. बहुतेक वीरगळांवर मात्र एक अक्षरही नसतं. वीराचं नाव गेलं, गाव शेंदूर लावत राहिलं. म्हणूनच त्या दगडापुढच्या फलकावर निदान शब्द तरी नेमका हवा असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरा दगड. हा जमिनीच्या दानाचा. शिलाहारांच्या काळापासून कोकणात असे दगड पुष्कळ सापडतात: वर चंद्रसूर्य, मध्ये मजकूर, खाली गाढव आणि स्त्री. दिलेली जमीन जो हिरावून घेईल त्याच्या आईवरून दिलेली ती शिवी आहे, इथे छापण्याजोगी नाही. परळला सापडलेल्या अपरादित्य शिलाहाराच्या शके 1108 च्या, म्हणजे इसवी सन 1187 च्या लेखात दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि ही धमकी मात्र मराठीत. ज्याला धाक घालायचा त्याला कळायला हवी ना! ज्याला वाचताच येत नव्हतं त्याच्यासाठी चित्र होतं.

या दगडाच्या नावातही 'कल्लु' आहे असं काही जण मानतात, तेव्हा गधेगळ म्हणजे गाढवाचा दगड. मला ते पटत नाही. दोन्ही दगड शेजारी उभे राहिले आणि एकाचा गळ दुसऱ्याला चिकटला, असं माझं मत आहे. अभ्यासकांच्या लिखाणात 'गधेगाळ', 'गद्धेगाळ' अशी काना असलेली रूपंही आहेत, आणि संस्कृतात 'गालि' म्हणजे शिवी. आपण रोज म्हणतो त्या 'शिवीगाळ'मध्ये तीच गाळ आहे. दगडावर शिवी खरोखर कोरलेली असताना नावात ती शोधायला कन्नडात कशाला जायचं? फलकावर मी 'गधेगाळ' लिहीन.

राहिला लिंगाचा प्रश्न. 'वीरगळ सापडला' आणि 'वीरगळ सापडली' हे दोन्ही प्रयोग चालू आहेत, 'वीरगळी' हे अनेकवचनही ऐकू येतं. शिळा मनात असली की 'ती' होते, दगड मनात असला की 'तो'. मी पुल्लिंगी लिहितो: तो वीरगळ, ते वीरगळ, वीरगळावर. स्त्रीलिंगी लिहिणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही, फक्त एकाच फलकावर दोन्ही नकोत. 'वी' मात्र दीर्घच. 'विरगळ' लिहिलेलं दिसलं तर ग्रामपंचायतीला जरूर सांगा, रंगाऱ्याचं पाच मिनिटांचं काम आहे.