मुलींचं होस्टेल सातला बंद होतं, म्हणजे उन्हाळी शिबिर सुरक्षित समजायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अकरावीत, मे महिन्यात विदर्भातल्या एका विद्यापीठात तीन आठवड्यांचं निवासी विज्ञान शिबिर, आणि माहितीपत्रकात लिहिलंय की मुलींना संध्याकाळी सातनंतर होस्टेलबाहेर सोडत नाहीत. तर पाठवायला हरकत नाही ना?

पाठवा. पण त्या सातच्या भरवशावर पाठवू नका. मी विद्यापीठाच्या मुलींच्या होस्टेलची रेक्टर होते, नोकरीचा बराच काळ त्या आवारातच गेला, आणि 'मुली सातला आत' हे वाक्य वाचलं की अजूनही डोकं फिरतं.

आमच्याकडेही उन्हाळ्यात अकरावी-बारावीच्या मुलांचं असंच शिबिर भरायचं. समन्वयक एक ज्येष्ठ प्राध्यापक. विषयात पक्के, पोरं सांभाळण्याच्या नावानं आनंद. तयारीच्या बैठकीत चहा येण्याआधी सुरक्षेचा विषय संपला: मुली सातला आत, गेटला कुलूप, किल्ली मॅडमकडे. मी विचारलं, मुलांचं काय? सर म्हणाले, "मुलांना काय होतंय?" मुलांच्या होस्टेलचे रेक्टर सुट्टी टाकून गावी गेलेले. त्यांच्या जागी एमएस्सीचे दोन विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून नेमले होते. ते रात्री मित्राच्या खोलीवर आयपीएल बघायला जायचे, हे मेसच्या पोऱ्यालासुद्धा ठाऊक होतं.

आवाराच्या मागे जुनी गिट्टी खदान आहे. दगड काढून झाल्यावर सोडून दिलेली, पाण्यानं भरलेली. कंपाउंडची भिंत तिथं पडलेली होती आणि ती बांधून घ्या म्हणून माझी दोन पत्रं इस्टेट विभागात धूळ खात होती. एका रविवारी व्याख्यानं नव्हती. रात्री आठच्या सुमारास गोंदियाची एक मुलगी खोलीवर आली. तिचा मावसभाऊ त्याच शिबिरात होता, तो जेवायला आला नव्हता आणि फोनही लागत नव्हता. मी सरांना फोन केला. "असतील इथंच कुठंतरी, पोरं आहेत." हजेरी? संध्याकाळची हजेरी फक्त मुलींची व्हायची.

आता गंमत बघा. शोधायला जायचं तर किल्ली माझ्या पर्समध्ये. मी बाहेर पडले आणि आत कुठं वायर जळाली, तर एवढ्या मुली कुलपात. शेवटी मेसवाल्या मावशींना गेटवर बसवलं, कुलूप उघडं ठेवलं, आणि वॉचमनच्या मोटरसायकलवर मागे बसून निघाले. मोकळ्या रस्त्यावर दिवे निम्मे बंद. खदानीच्या काठावर तिघं बसलेले, चौथा खालच्या कपारीवर. पोहायला उतरले होते. त्यानं वरून उडी मारली, पाण्यातल्या दगडावर पाय आदळला, घोटा मोडला. बाकीच्यांनी त्याला कसंबसं कपारीवर ओढलं होतं, पण वर आणता येईना. सर ओरडतील म्हणून कुणी मदत मागायलाही आलं नव्हतं. खदानीला नदीसारखा उतार नसतो. एक पाऊल पुढे आणि थेट खोल. पोरगं वाचलं, प्लास्टरवर भागलं.

दुसऱ्या दिवशी बैठक. निर्णय काय झाला? मुलींची वेळ सातवरून साडेसहा. खदानीत उडी मारली मुलांनी, वेळ कापली मुलींची! मी लेखी विरोध नोंदवला, तर सर सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम जरा भावनिक होतात." भिंत पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच होती.

म्हणून तुम्ही वेळ विचारू नका, नाव विचारा. रात्री दोन वाजता त्या इमारतीत झोपलेली जबाबदार, पगारी, मोठी व्यक्ती कोण? हेच मुलांच्या होस्टेलबद्दलही विचारा, तुमची मुलगी असली तरी. आणि रात्रीची हजेरी दोन्हीकडे होते का? जिथं मुलांकडे लक्ष नाही तिथं मुलींकडेही नसतं, फक्त कुलूप असतं.

मे महिन्यात विद्यापीठ रिकामं असतं हे विसरू नका. नेहमीचे विद्यार्थी घरी, गार्ड कमी केलेले, होस्टेलमध्ये रंगरंगोटी आणि नळदुरुस्तीचे ठेकेदाराचे मजूर. त्यात तिथले सगळे नियम अठरा पूर्ण झालेल्यांसाठी केलेले. तुमची मुलगी कायद्यानं बालक आहे, बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा तिला लागू आहे, मुलांनाही लागू आहे. कलम 19 प्रमाणे गैरप्रकार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक. संस्थेच्या प्रमुखानं दाबला तर एक वर्षापर्यंत कैद. समन्वयकांना हे माहीत आहे का, सहज विचारून बघा. भीती भिंतीवरून उडी मारून येणाऱ्याची कमी, 'प्रोजेक्ट समजावतो' म्हणून एकटीला बंद प्रयोगशाळेत बोलावणाऱ्या ओळखीच्या माणसाची जास्त. असं बोलावणं आलं की मैत्रिणीला घेऊन जायचं, आणि दार उघडं ठेवायचं. शिबिरात फोन काढून घेत असतील तर वाद घाला. 1098 हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर तिला पाठ असू द्या.

आणि कूलर! विदर्भाबाहेरच्या लोकांना हे सुचतच नाही. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. पाणी भरताना आधी प्लग काढायचा, ओल्या पायांनी बॉडीला हात लावायचा नाही. खोलीत अर्थिंग आहे का, हे पहिल्याच दिवशी वडिलांनी बघावं. 45 अंशांत मुली बाथरूम लांब म्हणून पाणी पीत नाहीत, तेही सांगून ठेवा. घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर सरबत पाजत बसायचं नाही. अंगावर पाणी ओतायचं आणि दवाखाना गाठायचा. विंचवासाठीही जवळचा दवाखाना माहीत हवा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध आलं, पण गोळी वेळेत मिळाली तर उपयोग.

आता थोडं उलट बाजूनं. वेळेचं बंधन नकोच असं माझं म्हणणं नाही. ओसाड आवारात रात्री हिंडू नये, मुलांनीही नाही. दोघांना नऊ ठेवा, मला चालेल. सगळी शिबिरं आमच्यासारखी नसतात. इन्स्पायर या केंद्र सरकारच्या विज्ञान योजनेचं एक शिबिर मी पाहिलंय, तिथं मुलामुलींची हजेरी दिवसातून तीनदा व्हायची आणि मुलं खुशीत होती. माझी नोकरी संपूनही वर्षं झाली. आता कॅमेरे लागलेत म्हणतात. कॅमेरा बघायला रात्री कोण बसतं, तेवढं विचारून घ्या, आणि मुलांचं गेट किती वाजता बंद होतं ते मला जरूर कळवा.